विम्याचा पैसा कोणाच्या हाती?

विमा किती लाखांचा काढावा याची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. कर्ता माणूस गेल्यावर तो पैसा कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न मात्र दिवसकार्य उरकल्यावर निघतो. तोवर देणेकरी ओटीवर येऊन बसलेले असतात.

यावरचा तोडगा फार जुना आहे. १८७४ सालच्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचं सहावं कलम सांगतं की, नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांच्या नावे, तसं पॉलिसीवरच लिहून काढला, तर तो त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी ठरतो. त्यावर ना नवऱ्याचा ताबा, ना त्याच्या सावकाराचा. (देणेकऱ्यांना बुडवायच्याच हेतूने काढलेली पॉलिसी अर्थात वेगळी.) हिंदू, मुस्लिम, शीख आणि जैन कुटुंबांना हे संरक्षण १९२३च्या दुरुस्तीने मिळालं. गोऱ्या कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घेत, तेव्हा सारख्याच दराने विमा द्यायला १८७०च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली होती. कायद्याला मात्र आणखी अर्धशतक लागलं.

ही सोय फुकट आहे. प्रस्तावाच्या वेळी एक जोडपत्र भरायचं, बस. पण पॉलिसी हातात पडल्यावर ते भरता येत नाही, म्हणून विचारायचं ते सही करण्याआधी. एकदा लिहून दिलं की नवऱ्याला त्या पॉलिसीवर स्वतःसाठी कर्ज उचलता येत नाही, मनाला येईल तेव्हा ती मोडताही येत नाही. माझ्या मते ही सोय फारशी वापरली जात नाही, त्याचं खरं कारण हेच.

बाकीचे सगळे नॉमिनीवर विसंबतात. पहिली नोकरी लागली की पोरगा पॉलिसी काढतो आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव घालतो. पुढे लग्न होतं, मुलं होतात, रकान्यातलं नाव तेच राहतं. सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितलं होतं की, नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची. २०१५च्या दुरुस्तीने आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचाच हक्क दिला. तरीही सासू-सुनेचे दावे कोर्टात जायचे थांबलेले नाहीत.

काही घरांत तर विमा आहे हेच कोणाला माहीत नसतं. गेलेल्या माणसाचं पासबुक नीट बघा. मे अखेर ४३६ रुपयांची वजावट दिसली तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची असते, म्हणजे घरच्यांना २ लाख रुपये मिळू शकतात. नोकरीत असताना माणूस गेला आणि त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्याच्याशी जोडलेल्या विम्यातून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. त्यासाठी पगारातून वेगळा पैसा जात नाही. विमा कंपनीने दावा नाकारला तरी हात टेकू नका. पॉलिसीला ३ वर्षं उलटल्यावर माहिती लपवल्याचं कारण काढून कंपनीला ती रद्द करता येत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या, दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

लक्ष्मीपूजनाला वह्या-चोपड्या काढाल तेव्हा पॉलिसीची फाईलही बाहेर काढा आणि नॉमिनीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बायकोला वाचायला द्या.