कापसाच्या गाठीपासून चटईक्षेत्रापर्यंत : मुंबईतील गरिबांच्या घरांचे अर्थकारण आणि त्याची भाषा

महानगरीय मराठी साहित्याच्या चर्चेत चाळ आणि झोपडपट्टी यांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. परंतु त्यांच्याकडे बहुधा कथानकाची पार्श्वभूमी म्हणूनच पाहिले जाते. ही घरे कोणाच्या पैशातून उभी राहिली, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला आहे. वस्तुतः घरासाठी पैसा कोठून येतो, यावर त्या घरात राहणाऱ्याचे शहराशी असलेले नाते अवलंबून असते. मुंबईत हा स्रोत गेल्या शंभर वर्षांत किमान तीन वेळा बदलला आणि प्रत्येक बदलाबरोबर मराठीत नवी शब्दावली रूढ झाली. साहित्यकृतीतील खोली, भाडे, पावती, पागडी या शब्दांचा अर्थ नीट लागण्यासाठी हा क्रम ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

पहिला स्रोत व्यापारावरील शुल्काचा. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काही चाळी बांधल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे परळ येथील दीर्घ वास्तव्य अशाच एका चाळीत होते. परंतु कामगारांच्या घरांचा मोठा सरकारी प्रकल्प हाती घेतला गेला तो १९२० मध्ये, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत. त्यासाठी कर्ज उभारण्यात आले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया शुल्क बसविण्यात आले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी व सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. संडास आणि नळ सामाईक. याच त्या बीडीडी चाळी. कर्जाचा भार भाड्यावर पडत असल्याने आरंभी अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या.

याच दशकातील व्हिएन्नाशी तुलना केल्यास या व्यवस्थेची मर्यादा स्पष्ट होते. तेथील नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराने कर बसविला : मोठ्या घराला अधिक, लहानाला नाममात्र. त्या उत्पन्नातून १९३४पर्यंत ६०,०००हून अधिक घरे बांधली गेली. बांधकामाचा खर्च करातून भागत असल्यामुळे भाड्यातून केवळ देखभाल साधायची होती. मुंबईतील भाडेकरूकडून मात्र कर्जफेडीचीही अपेक्षा होती. त्यामुळे एकाच काळात, एकाच वर्गासाठी बांधलेल्या घरांची परवडण्याची क्षमता भिन्न राहिली.

दुसरा स्रोत घरमालकाचा. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १९४०च्या पातळीवर गोठविले. शासनाने स्वतः खर्च न करता गरिबांच्या निवाऱ्याचा भार खाजगी मालकावर टाकला, असा याचा आर्थिक अर्थ होतो. मालकाने दुरुस्ती थांबविली आणि भाडेकरार हस्तांतरित करताना ‘पागडी’, म्हणजे पावतीबाहेरची एकरकमी रक्कम, घेतली जाऊ लागली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९च्या कायद्याने दुरुस्ती-उपकर बसविला आणि ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली ती १९९९च्या कायद्याने. तत्पूर्वीच्या लेखनातील पागडी ही सर्वांना ठाऊक असलेली, परंतु कागदावर नसलेली गोष्ट आहे.

या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर जो राहिला, तो झोपडीत गेला. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही झोपडपट्टीवरील कादंबरी १९६३ची, तर झोपडपट्टी सुधारणेचा राज्याचा कायदा १९७१चा. कादंबरी लिहिली गेली तेव्हा वस्ती हटविणे हेच प्रमुख धोरण होते. १९७६च्या झोपडी-गणनेनंतर ‘फोटोपास’ आला आणि झोपडीवासीयाच्या अस्तित्वाला प्रथमच कागदाचा आधार मिळाला.

तिसरा स्रोत जमिनीच्या किमतीचा. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. या योजनेचा कणा म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, अर्थात भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे प्रमाण. विकासकाने झोपडीवासीयांना (आरंभी २२५ चौरस फुटांची) घरे विनामूल्य द्यायची आणि त्या बदल्यात खुल्या बाजारात विकण्यासाठी जादा बांधकामाचा हक्क मिळवायचा, अशी ही रचना. मूळ नियमांनुसार पुनर्वसनाच्या प्रत्येक १० चौरस फुटांमागे बेटावरील शहरात ७.५, उपनगरांत १० आणि धारावीसारख्या अवघड वस्तीत १३.३३ चौरस फूट विक्रीक्षेत्र मिळे. तिजोरीतून पैसा जात नाही. शासन बांधण्याचा हक्क निर्माण करते आणि त्याचे मोल श्रीमंत ग्राहक चुकवितो.

या रचनेचे परिणाम तिच्या गणितातच आहेत. जेथे विक्रीचा भाव चढा, तेथे विकासक येतो. जेथे नाही, तेथे वस्ती ताटकळते किंवा रहिवासी वर्षानुवर्षे ‘संक्रमण शिबिरात’ राहतो. विक्रीसाठी अधिकाधिक जमीन मोकळी ठेवायची असल्याने पुनर्वसनाच्या इमारती दाटीने उभ्या राहतात. शिवाय फुकट घरांची संख्या मर्यादित ठेवणे भाग असते. म्हणून तारीख येते. १ जानेवारी १९९५पूर्वीचा पुरावा असलेला ‘पात्र’, उरलेला ‘अपात्र’. ही तारीख पुढे २००० झाली. त्यानंतर २०११पर्यंतच्या रहिवाशांसाठी रक्कम भरून घर मिळण्याची तरतूद झाली. झोपडीच्या वरच्या मजल्यावर राहणारा मूळ योजनेत अपात्रच ठरला. ‘पात्र’ या शब्दाला मराठीत असलेली योग्यतेची नैतिक छटा येथे एका दिनांकाला चिकटली. भाडेकरूचा हक्क दरमहा भाडे भरण्यातून सिद्ध होई. लाभार्थ्याचा हक्क भूतकाळातील एका दिवशीच्या उपस्थितीतून सिद्ध होतो.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात हा संपूर्ण प्रवास एकाच जमिनीवर पाहावयास मिळतो. म्हाडामार्फत चालणाऱ्या या प्रकल्पात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर दिले जाते. वरळीतील पहिल्या रहिवाशांना ते २०२५ मध्ये मिळाले. खर्चाची भरपाई त्याच आवारातील विक्रीच्या सदनिकांतून करावयाची आहे. शिवडीच्या चाळी मात्र बंदर प्राधिकरणाच्या, म्हणजे केंद्राच्या, जमिनीवर असल्याने या प्रकल्पाबाहेर राहिल्या. कापसाच्या शुल्कातून बांधलेल्या एकाच प्रकारच्या चाळींचे भवितव्य आता जमिनीची मालकी आणि तिचा भाव ठरवीत आहेत. चाळीतील सामाईक व्हरांडा मराठी कथा-कादंबरीत सामूहिक जीवनाचे चिन्ह म्हणून आला. पुनर्विकासानंतरच्या साहित्याचा अभ्यास करताना त्या व्हरांड्याच्या जागी पात्रतेची यादी कोणते काम करते, हे तपासावे लागेल. आणि भारतातील अन्य महानगरांच्या साहित्याशी मराठीची तुलना याच मुद्द्यावर सर्वाधिक फलदायी ठरण्याची शक्यता आहे.