प्रकल्प अहवालावर सही करण्याआधी

तायांनो, कांडप मशीनसाठी कर्ज घेताना तज्ज्ञाने केलेला प्रकल्प अहवाल समोर येतो. आकडे छान दिसतात. पण आधी विचारा, अहवालाचे पैसे कोण देतंय? मशीन विकणाराच देत असेल तर जरा जपून.

मग आपला हिशोब मांडा. समजा, खर्च जाऊन किलोमागे 10 रुपये सुटतात. अहवालात रोज 100 किलो धरलेत, म्हणजे 26 दिवसांचे 26,000 रुपये. बँकेचा हप्ता 12,000. पण रोज 40 किलोच मिरची आली तर? सुटतात 10,400. हप्तासुद्धा निघत नाही! शिवाय मिरचीचा हंगाम उन्हाळ्यापुरता, हप्ता बारा महिने.

आपली मजुरी खर्चात धरलीय का, तेही बघा. तज्ज्ञांना विचारा, "100 किलो कशावरून धरलेत?" गावात चौकशी केलेली नसेल तर सही थांबवा. हप्ते शेवटी गटालाच भरायचेत.