पिवळी रेघ

नवा इंजिनिअर ओळखायचा तर त्याच्या बुटांकडे बघावं. चिखलीच्या साने चौकात पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत जी मंडळी उभी असतात, त्यांतल्या जुन्यांच्या सेफ्टी शूजवर आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतात आणि टाचा एका अंगाला झिजलेल्या. नव्याचा बूट कोरा आणि ताठ. आतली लोखंडी टोपी बोटांना टोचते म्हणून तो पाऊल जरा जपूनच टाकतो. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, पाठीला सॅक. चहा घेतो, पण अर्धाच, कारण बस कोणाकरता थांबत नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलेलं असतं.

हा मुलगा बहुतेक लातूर, बीड, जळगाव नाहीतर सांगलीकडचा. मेकॅनिकलची पदवी झालेली, हुद्दा ‘जीईटी’, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. तिघांत मिळून वन बीएचके, रात्रीचा मेसचा डबा, आणि गावी आईला फोनवर सांगायला एक वाक्य: ‘गाड्यांच्या कंपनीत लागलोय.’

चिखलीला जुनी माणसं अजून टाळगाव चिखली म्हणतात. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी त्यांचे टाळ इथं पडले, अशी श्रद्धा. एका हाताला देहू, दुसऱ्या हाताला आळंदी, उत्तरेला इंद्रायणी. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, आणि मळ्यांच्या जागी सोसायट्या, घरकुलं, वर्कशॉप अशी गर्दी झाली. इथून एक वाट आकुर्डीला जाते आणि दुसरी तळवड्यावरून इंद्रायणी ओलांडून चाकणच्या पट्ट्यात. मोटारसायकलचा विचार केला, तर ही दोन टोकं म्हणजे एकाच कंपनीचा, बजाजचा, भूतकाळ आणि वर्तमान. त्यातही भूतकाळ कुठला आणि वर्तमान कुठला, हे अलीकडं पुन्हा उलटंपालटं झालंय.

बजाज ऑटोची नोंद १९४५ सालची, बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावानं. आधी स्कूटर-रिक्षा बाहेरून आणून विकायच्या. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजोच्या परवान्यावर व्हेस्पा इथं बनू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. आकुर्डीचा कारखाना म्हणजे चेतक, हे समीकरण पुढं पक्कं झालं. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. त्या कारखान्यात चिकटलेल्या माणसाला लग्नाच्या बाजारात काय भाव होता, ते त्याच पिढीला विचारावं.

मालकाच्या मुलाची नोकरीही याच आवारात सुरू झाली. राजीव बजाज आकुर्डीच्या सेंट अर्सुला शाळेत शिकले, पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल झाले आणि वॉरविकहून उत्पादन-व्यवस्थेतली पदव्युत्तर पदवी घेऊन १९९० मध्ये कंपनीत आले. पहिली काही वर्षं त्यांनी उत्पादन आणि सुट्या भागांचा पुरवठा यांत काढली, मग संशोधन विभागात गेले. व्यवस्थापकीय संचालकपद मिळालं ते २००५ मध्ये. आडनाव बजाज असल्यावर पायऱ्या चढायला किती कष्ट पडतात, असं कुणी म्हणेल, आणि ते खोटंही नाही. पण पायऱ्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी लाइन, मग ड्रॉइंग.

आजचा ट्रेनीही त्याच क्रमानं जातो. पहिले काही दिवस एका खोलीत बसून सुरक्षेचे नियम, आगीचे दरवाजे, कंपनीचा इतिहास. मग एकेका विभागात फिरती: मशीन शॉप, इंजिन असेंब्ली, पेंट शॉप, गाडीची जुळणी, क्वालिटी. हातात एक वही, आणि बघितलेलं सगळं त्यात लिहायचं. या फिरतीत त्याला पहिला धक्का बसतो तो नटबोल्टाशी.

बोल्ट आवळणं हे काय काम आहे, असं घरी वाटतं. पुस्तकात मात्र त्यानं वाचलेलं असतं की आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. कमी ताणला तर रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होतो, जास्त ताणला तर धातू कायमचा लांबतो आणि त्याची पकड जाते. म्हणून प्रत्येक जागेला ठरलेला टॉर्क आणि तो मोजणारी टॉर्क रेंच. ठरलेल्या ताणाला ती ‘टक्’ करते. आता हा मुलगा पहिल्यांदा मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलवर रेंच लावतो, ओढतो, टक् होतं, आणि सवयीनं तो आणखी एक हिसका देतो. पक्कं व्हावं म्हणून. शेजारी उभा असलेला, आयटीआय करून वीस वर्षं लाइनवर काढलेला माणूस शांतपणे म्हणतो, ‘साहेब, टक् ऐकून थांबायचं असतं. तुम्ही पुढं गेलात.’

‘साहेब’ या शब्दात इथं आदर आणि चेष्टा नेमक्या किती प्रमाणात मिसळलीय, ते कळायला सहा महिने लागतात. उलट बाजूनं हा मुलगा त्या माणसाला ‘काका’ म्हणतो. हुद्दा याचा वरचा, शब्द त्यांचा चालतो.

मग काका नट सोडवतात, पुन्हा आवळतात, टक् ऐकतात आणि रंगाच्या पेनानं नटाच्या कडेवरून खालच्या धातूपर्यंत एक पिवळी रेघ ओढतात. रेघेचे अर्थ दोन. एक, इथं माणसाचा हात लागून गेलाय. दुसरा जास्त हुशार: पुढं कधी नट जागचा हलला, तर रेघ मधून तुटून तिचे दोन तुकडे सरकलेले दिसतील. मोजमापाचं कुठलंही यंत्र न लावता, नुसत्या नजरेनं. या एका रेघेला पाठ्यपुस्तकात पान मिळत नाही, हे जरा विचित्रच म्हणायचं.

लाइनचं दुसरं गणित वेळेचं. समजा पाळीत हाताशी ४५० मिनिटं आहेत आणि ९०० गाड्या काढायच्यात, तर दर तीस सेकंदांना एक गाडी बाहेर पडली पाहिजे. म्हणजे प्रत्येक स्टेशनवरच्या माणसाचं काम तीस सेकंदांच्या आत बसलं पाहिजे. एखाद्याला चौतीस लागले की लाइन त्याच्यापाशी तुंबते. नव्या इंजिनिअरला स्टॉपवॉच देऊन हेच शोधायला उभं करतात, आणि तो पहिली चूक हमखास करतो: माणूस सावकाश आहे असं लिहून आणतो. चार दिवस तिथं उभं राहिल्यावर दिसतं की वॉशरचा ट्रे डाव्या हाताला आहे आणि माणूस दर गाडीला अर्धा वळतोय. ट्रे उजवीकडं सरकवला की चार सेकंद सुटतात. जपान्यांनी याला कायझेन नाव दिलं, फलक लागले, बक्षिसं आली. ट्रे कुठं हवा ते त्या माणसाला आधीपासून ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

ही लाइन ज्यात आहे तो चाकणचा कारखाना म्हाळुंगे गावच्या हद्दीत १९९९ मध्ये सुरू झाला, आणि तो काळ कंपनीसाठी बरा नव्हता. गिऱ्हाईक स्कूटरवरून उतरून मोटारसायकलवर बसत होतं. कावासाकीशी हातमिळवणी १९८० च्या दशकातली, पण स्वतःची म्हणावी अशी जोरदार मोटारसायकल बजाजकडं नव्हती. ती २००१ च्या शेवटी आली: पल्सर, १५० आणि १८० सीसी. आकुर्डीच्या इंजिनिअरांनी टोकियो आर अँड डी या जपानी संस्थेच्या साथीनं ती घडवली, पुढच्या रूपांना ग्लिन कर या डिझायनरचा हात लागला. गावोगावच्या कॉलेजांच्या फाटकांबाहेर ती उभी राहिली, आणि आज लाइनवर येणारे कित्येक ट्रेनी असे आहेत की ज्यांनी इंजिन म्हणून पहिल्यांदा जे उघडून पाहिलं ते मोठ्या भावाच्या पल्सरचं.

तिचं खरं नाव झालं ते २००३ च्या डीटीएस-आय इंजिनानं. साध्या इंजिनात एकच स्पार्क प्लग असतो. ठिणगी एका बाजूला पडते आणि ज्वाला तिथून पलीकडच्या भिंतीपर्यंत पसरत जाते. ही चाल सेकंदाच्या काही हजाराव्या भागाची, पण पिस्टन तेवढ्यातही खाली निघालेला असतो आणि उरलेलं मिश्रण उशिरा जळून वाया जातं. समोरासमोर दोन प्लग बसवले की दोन्हीकडून निघालेल्या ज्वाला मधे भेटतात. अंतर निम्मं, ज्वलन झटपट. ताकदही मिळते आणि सरासरीही. शेतातलं पाचट दोन्ही टोकांनी पेटवून पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

या दोन प्लगांवरून कोर्टकचेरीही झाली. टीव्हीएसनं २००७ मध्ये ‘फ्लेम’ नावाची १२५ सीसीची गाडी दोन प्लगांसह जाहीर केली आणि बजाजनं पेटंटभंगाचा दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयात आधी मनाई मिळाली, मग वरच्या पीठानं ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाडी विकायला मोकळीक दिली आणि असे पेटंटचे दावे रोजच्या रोज चालवून लवकर निकाली काढा, असं खालच्या न्यायालयांना बजावलं. ट्रेनीला हा इतिहास सांगतात तो वहीसाठी. कुठली कल्पना कोणत्या तारखेला कुणी लिहिली, याची किंमत तिथं कळते.

कारखान्याच्या आत जेवढं शिकायला मिळतं, त्याच्या दुप्पट बाहेर, व्हेंडरकडं. गाडीचे बहुतेक भाग कंपनी स्वतः करत नाही. ते येतात भोसरी, तळवडे, चाकण, वाळूजमधून. एंड्युरन्ससारखी कंपनी १९८५ मध्ये औरंगाबादेत बजाजला कास्टिंग पुरवत उभी राहिली आणि मोठी झाली. पण त्या मोठ्यांच्याही खाली दोन-तीन लेथवाल्यांचं जग आहे. तिथं नवा इंजिनिअर व्हर्निअर घेऊन ऐटीत जातो, अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, दाखवतो, लॉट रिजेक्ट म्हणतो. मालक चहा सांगतो. चहा येईपर्यंत कळतं की डाय कंपनीनंच जुनी दिलीय आणि दुरुस्तीचं पत्र दोन महिन्यांपासून इंजिनिअरच्याच खात्यात पडून आहे.

चिखलीतली कुदळवाडी हा या साखळीचा शेवटचा दुवा होता. पट्ट्यातलं भंगार इथं यायचं, वेगळं व्हायचं, वितळायला जायचं. त्याच गल्ल्यांत छोटी वर्कशॉपही होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं कारवाई करून चार हजारांहून जास्त बांधकामं पाडली. भंगाराला लागणाऱ्या आगींचा आणि धुराचा त्रास खरा होता, बांधकामं बेकायदा होती हेही खरं. पण भाग जागी धरून ठेवणाऱ्या जिग-फिक्श्चरचं किरकोळ काम एका दिवसात करून देणारी माणसं त्या आठवड्यात कुठं गेली, याचा हिशेब कुणाच्या तक्त्यात नाही.

कामगारांच्या बाजूनंही एक गोष्ट नव्याच्या कानावर येते. २०१३ च्या जूनमध्ये चाकणला संप झाला. युनियनच्या मागण्यांत एक होती, प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दरानं द्यावेत. संप सुमारे पन्नास दिवस चालला आणि मागणी मान्य न होता मिटला. काका त्याबद्दल फार बोलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ‘त्या वेळचा भाव बघा आणि आजचा बघा.’

चाकणच्या लाइनवर आता गाड्यांची जात बदललीय. ऑस्ट्रियाच्या केटीएमचे छोटे ड्यूक २०११ पासून इथं बनतात, ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी २०२३ पासून. केटीएम २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिला तारायला पैसा पुण्याहून, बजाजकडून गेला. आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीनं आणली फ्रीडम १२५, जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल. कागदावर सोपं वाटतं: रिक्षात सीएनजी आहेच, गाडीत घाला. पण मोटारसायकलला डिकी नसते. दोन किलो गॅसची जाड पोलादी टाकी रिकामीच सोळा किलोच्या घरात. ती वर ठेवली तर गाडी डोलते, मागं ठेवली तर धडकेत धोका. इंजिनिअरांनी इंजिन जवळजवळ आडवं झोपवलं, टाकी सीटखाली घातली आणि भोवती नळ्यांचा पिंजरा बांधला. म्हणून त्या गाडीची सीट इतकी लांब आहे; शोभेला नाही.

आकुर्डीत २००७ मध्ये उत्पादन थांबलं, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. त्याच आवारातून २०२२ मध्ये विजेवर चालणारी चेतक बाहेर पडू लागली. तिथल्या जुन्या माणसांचं कसब कानात होतं. इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचे. नव्या चेतकला इंजिनच नाही. तिथं रुजू होणारा इंजिनिअर बॅटरीचं तापमान आणि कंट्रोलरचा कोड बघतो. मात्र मोटर चौकटीला बोल्टनंच धरलेली असते, आणि त्या बोल्टाला टॉर्क रेंच लागतेच.

तीनेक महिन्यांनी एका संध्याकाळी आपला ट्रेनी कृष्णानगरला वडापावच्या गाडीपाशी उभा असतो. शेजारी कुणाची तरी काळी पल्सर लावलेली. वडापाव तोंडात धरून तो खाली वाकतो आणि मागच्या चाकाच्या नटाकडं निरखून बघतो. मालक मिरची खाता खाता वळतो.

‘काय झालं दादा? हवा कमी आहे का?’

‘नाही, नाही,’ तो म्हणतो. ‘रेघ बघत होतो.’