प्रथिनांतील द्विरुक्ती आणि जीवसृष्टीचा उगम

मुळशीचा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. परंतु प्राणवायूविना जगणारे जे जीवाणू माती व गाळात आढळतात, त्यांच्या पेशींतील एका प्रथिनाची घडण या कातळाहून कितीतरी पुरातन आहे. ते प्रथिन म्हणजे फेरेडॉक्सिन.

प्रथिन ही वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांची विशिष्ट क्रमाने गुंफलेली साखळी होय. क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरिॲनम या जीवाणूच्या फेरेडॉक्सिनात अशी केवळ ५५ अम्ले आहेत. तिचा उत्तरार्ध हा पूर्वार्धाचीच काहीशी बदललेली आवृत्ती आहे. संस्कृतात ‘कृ’ धातूची द्विरुक्ती होऊन ‘चकार’ हे रूप सिद्ध होते. अभ्यासातील ‘क’चा ‘च’ होतो हा नियम ठाऊक असेल, तरच त्यातील द्विरुक्ती ओळखू येते. येथेही तसेच आहे.

मार्गारेट डेहॉफ यांनी १९६६ मध्ये सहकाऱ्यासह असे अनुमान मांडले की, ही साखळी मुळात ॲलानिन, ॲस्पार्टिक अम्ल, सेरीन व ग्लायसिन या चारच अम्लांच्या पुनरावृत्तीतून वाढली असावी. यांपैकी ग्लायसिन व ॲलानिन ही मिलर यांच्या १९५३ च्या प्रयोगात साध्या वायूंच्या मिश्रणात विद्युत्स्फुल्लिंग पाडून निर्माण झाली होती. त्यामुळे या अनुमानास विशेष महत्त्व येते.

तथापि साम्य म्हणजे नाते नव्हे. ‘मामा’सारखे बालबोलीतील शब्द परस्परांशी असंबद्ध भाषांतही आढळतात. मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखविले की, अणूंच्या परस्पर अडथळ्यामुळे साखळीला मोजक्याच कोनांत वळता येते. म्हणून सर्पिलासारखा आकार स्वतंत्रपणे अनेकदा उद्भवू शकतो. उलटपक्षी, मायोग्लोबिन व हिमोग्लोबिन यांचा अम्लक्रम पुष्कळ भिन्न असूनही त्यांची संपूर्ण घडी एकाच धर्तीची आहे. तेथे समान पूर्वजाचे अनुमान बळकट ठरते. सारांश, सुटा अवयव नव्हे, तर सबंध रचना प्रमाण मानावी.

याही पद्धतीस एक सीमा आहे. आज प्रथिने न्यूक्लिक अम्लांच्या आज्ञेने घडतात. म्हणून त्यांची तुलना ही यंत्रणा सिद्ध झाल्यानंतरचाच इतिहास सांगते. त्यापूर्वीच्या रसायनाचा शोध प्रयोगानेच घ्यावा लागतो. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये सुधा राजमणी यांच्या प्रयोगशाळेत तसे कार्य चालते. एक वाट आजच्या जीवांकडून मागे जाते, दुसरी निर्जीव द्रव्याकडून पुढे येते. त्यांची भेट अद्याप व्हावयाची आहे.