दिवे गेले तरी फोन वाजावा

रुग्णालयातील दूरध्वनी हा सोयीपेक्षा सुरक्षिततेचा विषय अधिक आहे. प्रसूतिकक्षातून बालरोगतज्ज्ञाला घातलेली हाक विजेच्या लहरीवर अवलंबून राहता कामा नये. जुन्या दूरध्वनीला लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून तारेवाटेच मिळत असे. म्हणून दिवे गेले तरी तो वाजे.

आता त्याची जागा इंटरनेट फोन घेत आहेत. त्यांनाही एकाच नेटवर्क केबलमधून संभाषण आणि वीज दोन्ही पुरवता येतात. हे काम पीओई स्विच करतो. मात्र बॅटरीची जबाबदारी आता आपली झाली आहे.

स्विच घेताना आपण बहुधा पोर्ट मोजतो. मोजायला हवेत ते एकूण वॉट. भिंतीवर ऑक्सिजनचे चोवीस आउटलेट बसवले, म्हणून चोवीस रुग्णांना पुरेल इतका साठा असतोच असे नाही. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार एका पोर्टमधून कमाल १५.४ वॉट मिळतात, २००९ च्या ८०२.३एटीनुसार ३०. चोवीस पोर्टांना प्रत्येकी १५.४ द्यायचे तर सुमारे ३७० वॉट हवेत. परंतु एकूण १९० वॉटच देणारे चोवीस पोर्टांचे स्विचही मिळतात.

समजा, प्रत्येकी ७ वॉटचे सोळा फोन आहेत : ११२ वॉट. प्रत्येकी ३० वॉटचे दोन वाय-फाय संच : ६०. बेरीज १७२. भावी वाढीसाठी चौथा हिस्सा राखीव धरला की २१५. म्हणजे १९० चा स्विच येथे अपुरा ठरेल.

मागणी पुरवठ्यापलीकडे गेली, तर कोणता पोर्ट आधी बंद व्हावा हे ठरवता येणारा स्विच निवडावा. प्रसूतिकक्ष आणि अतिदक्षता विभाग अग्रक्रमावर असावेत, स्वागतकक्ष त्यानंतर. केबल शुद्ध तांब्याची आणि शंभर मीटरच्या आतली असावी.

एकटा स्विच यूपीएसवर ठेवून भागत नाही. फोनचे एक्स्चेंज, राउटर आणि फायबरची पेटीही त्यावर हवी. एक्स्चेंज इंटरनेटवर दूर कोठे असेल, तर शेजारच्या खोलीतला फोनही इंटरनेटवाचून लागणार नाही, हे ध्यानात घ्यावे.

बसवणाऱ्याचे बिल चुकते करण्यापूर्वी त्याच्यासमक्ष या सर्व यंत्रणेचा वीजपुरवठा अर्धा तास बंद ठेवावा आणि प्रसूतिकक्षातून अतिदक्षता विभागाला फोन लावून पाहावा. तिकडून उत्तर आले, तरच खरेदी योग्य झाली असे समजावे.