जुनी हार्ड डिस्क बाहेरून जोडली, तर कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होईल का?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. नवा लॅपटॉप घेतला, जुना पीसी भंगारात दिला, पण त्यातली हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली आहे. ती यूएसबीनं लॅपटॉपला जोडली, तर जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा उघडेल का? तोच डेस्कटॉप, तीच सॉफ्टवेअर्स?

डिस्क धड असेल तर ती वाचता येईल, हे जवळजवळ नक्की. तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू होईल का, हे मात्र त्या डिस्कवर काय आहे यावर अवलंबून आहे. आणि मी प्रत्येकाला आधी उलट प्रश्न विचारतो, की तुम्हाला जुनं विंडोज हवंय, की त्याच्या आतलं काहीतरी हवंय? दहातल्या नऊ जणांना आतलं हवं असतं.

आमच्या इथलंच उदाहरण सांगतो. रायपुरात मराठी घरं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहेत. १८५४ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केलं, घरं राहिली. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे नोकरीनिमित्त येणंजाणं चालूच राहिलं. तात्यापारातल्या अशाच एका घरातल्या आजोबांनी निवृत्तीनंतर कुलवृत्तांत टाइप केला होता. कोकणातलं मूळ गाव, नागपूरला आलेली शाखा, तिथून इकडे आलेले तिघे भाऊ, सगळ्यांच्या वंशावळी. विंडोज एक्सपीवर, काही वर्डमध्ये, काही पेजमेकरमध्ये. छापील प्रत निघालीच नाही. आजोबा गेले, आणि नातू ४० जीबीची डिस्क घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘काका, ही नुसती चालू करून द्या.’

ती यूएसबीवरून चालू का होणार नव्हती, ते आधी समजून घेऊ.

तुम्ही बटण दाबता तेव्हा विंडोज लगेच जागं होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम उठतो आणि डिस्क शोधतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला बायोस हे काम साधेपणानं करायचा. डिस्कचा पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइट, उचलायचा आणि त्यात लिहिलंय तसं वागायचं. त्या ५१२ बाइटांतच ६४ बाइटांचा पार्टिशनचा तक्ता बसवलेला असतो. याला एमबीआर म्हणतात. डिस्क कुठल्या घरातून आली, याची चौकशी बायोस करत नाही.

आजचे लॅपटॉप यूईएफआय वापरतात. तिथे पहिल्या सेक्टरऐवजी डिस्कवर एक छोटं वेगळं पार्टिशन असतं आणि त्यात सुरुवात करून देणारी फाइल असते. गंमत अशी की ती फाइल कुठे आहे याची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते. जुना पीसी भंगारात गेला, तर नोंदही त्याच्याबरोबर गेली. मग नवा लॅपटॉप एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाची फाइल आहे का ते बघतो. विंडोज सहसा तिथे एक प्रत ठेवतं, म्हणून गाडी चालते.

आता एमबीआरची जुनी डिस्क निव्वळ यूईएफआयवाल्या लॅपटॉपला जोडलीत, तर बूट मेनूत तिचं नावच येत नाही. लोक म्हणतात डिस्क मेली. मेलेली नसते, दोघांची भाषा वेगळी असते. काही वर्षांपूर्वीच्या मशीनांत सीएसएम किंवा लेगसी नावाचा पर्याय असायचा, तो दुभाष्याचं काम करायचा. २०२० पर्यंत हा पर्याय बंद करण्याचा मनोदय इंटेलनं २०१७ मध्येच जाहीर केला होता, आणि आता नव्या लॅपटॉपमध्ये तो क्वचितच सापडतो.

समजा सीएसएम आहे. तरी एक्सपी यूएसबीवरून उभं राहत नाही. होतं काय, बायोस यूएसबीवरच्या डिस्कमधून विंडोजचा गाभा वाचून देतो. तो गाभा जागा झाला की स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर चढवतो, आणि ते करताना यूएसबीची सगळी जोडणी एकदा तोडून पुन्हा जोडतो. त्या क्षणी ज्या डिस्कवरून तो वर येतोय तीच हातातून सुटते. विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर वरून सोडून द्यावा, तसं. निळा पडदा येतो, त्यावरच्या आकड्याच्या शेवटी ७बी असतं, म्हणजे ‘बूटची डिस्क सापडत नाही’. विंडोज ७ चीही सरळ इन्स्टॉल केलेली डिस्क असाच दगा देते. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं खास यूएसबीवरून चालणारं ‘विंडोज टू गो’ आणलं, तेही फक्त कंपन्यांसाठी, आणि २०२० मध्ये काढूनही टाकलं. विंडोज १० ची साधी डिस्क कधी चालते, कधी नाही. डेस्कटॉप असेल तर यूएसबीचा नाद सोडा. कॅबिनेट उघडून आतल्या साटा केबलवर जोडा, विंडोज १० उठण्याची शक्यता खूपच जास्त. लिनक्सची डिस्क मात्र बहुधा बाहेरूनही मजेत सुरू होते, कारण तो गडी सुरुवातीलाच यूएसबीचे ड्रायव्हर सोबत घेऊन निघतो.

तुमची डिस्क १० किंवा लिनक्सची असेल आणि प्रयत्न करायचाच असेल, तर मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा. डेल, लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. तिथून डिस्क निवडली की ती फक्त त्या वेळेपुरती. कायमचा क्रम बदलावा लागत नाही.

पण थांबा. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद कर, हे बदल, ते बदल, असं सुरू करण्याआधी हा भाग दोनदा वाचा. नव्या लॅपटॉपची स्वतःची डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरनं कुलूपबंद असते. मालकाला पत्ताही नसतो, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की ते आपोआप लागतं. त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते, आणि सिक्युअर बूट बदललं की चिपला संशय येतो. पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर नव्या लॅपटॉपमधला डेटाही गेला. जुन्याच्या मागे लागून नवं घालवायचं! म्हणून आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून घ्या. नेमकं हेच जुन्या डिस्कलाही लागू आहे. ती अलीकडची असेल आणि कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली जुन्या मदरबोर्डबरोबर गेली. तिचीही ४८ अंकी की हवी.

दुसरा धोका कमी बोलला जातो. जुनं विंडोज उठलंच, तर त्याला लॅपटॉपची आतली डिस्कही दिसते, आणि कधी कधी ते आपण होऊन तिची ‘दुरुस्ती’ करायला बसतं. शक्य असेल तर तेवढ्यापुरती आतली डिस्क बायोसमधून बंद ठेवा. इंटरनेटही तोडा. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट नाहीत, ७ चे १४ जानेवारी २०२० ला थांबले.

आता कुलवृत्तांताकडे. आम्ही बूट करण्याचा विचार सोडला आणि डिस्क नुसती वाचायला जोडली. ती जुनी आयडीई डिस्क, ४० पिनांची रुंद केबल लागणारी. बाजारात आयडीई आणि साटा दोन्ही घेणारं यूएसबी अडॅप्टर मिळतं, तेच घ्या. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर सोबत १२ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा हवाच, यूएसबी फक्त ५ व्होल्ट देते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीवर चालते. डिस्क जोडली की कान द्या. एकसारखी घरघर ठीक. टक-टक-टक आवाज आला तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाला आतली बाजू खरवडली जाऊ शकते. अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जायला हवी. आमच्याकडे मे महिन्यात पंख्याखाली ठेवूनही डिस्क तापते, तेव्हा कॉपीचं काम सकाळी उरकलेलं बरं.

विंडोजनं ‘ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का’ किंवा ‘इनिशियलाइज करू का’ असं विचारलं, तर उत्तर नाही. कितीही वेळा विचारलं तरी नाही. जुन्या युजरचा फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ आलं तर घाबरू नका, ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा.

फाइल्स मिळाल्या. वर्डची फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं, चिन्हं यांचा काला. नातवाचा चेहरा उतरला. पण फाइल बिघडलेली नव्हती. युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप करायचं ते श्रीलिपी, आकृती, किंवा पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम वापरून. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट नसला की मागची अक्षरं उघडी पडतात. तो फॉन्ट होताच, त्याच डिस्कवर, जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. तिथून नव्या लॅपटॉपवर घेतला, फाइल पुन्हा उघडली, आणि मूळ पुरुषापासून सगळी मंडळी शुद्ध देवनागरीत हजर. म्हणून जुन्या डिस्कवरून कागदपत्रं घेताना फॉन्ट्स फोल्डरही घ्याच, नुसते माय डॉक्युमेंट्स घेऊन थांबू नका.

पेजमेकरची प्रकरणं राहिली होती. ती पाहायला पेजमेकरच लागत होतं, म्हणजे एक्सपीच लागत होतं. इथे मी डिस्क टू व्हीएचडी नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन वापरलं. ते अख्ख्या डिस्कची एक फाइल बनवतं. ती फाइल व्हर्च्युअलबॉक्समध्ये लावली, कंट्रोलर आयडीई ठेवला, आणि लॅपटॉपच्या खिडकीत जुना एक्सपी उभा राहिला. इथे यूएसबीचा दोर मध्ये येतच नाही, कारण एक्सपीला वाटतं आपण जुन्याच पेटीत आहोत. हार्डवेअर बदललेलं दिसल्यामुळे तो अॅक्टिव्हेशन मागू शकतो, आणि डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर डोंगलही जोडावं लागतं. सगळी प्रकरणं पीडीएफ करून घेतली. आधी तीन प्रती केल्या, मग घरच्यांना वाचायला दिलं. त्याच क्रमानं करा.

मूळ डिस्क पुसू नका. कोरड्या जागी, पिशवीवर आत काय आहे ते लिहून ठेवा.

श्रीलिपी आणि आयएसएममधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, जोडाक्षरं कुठे फुटतात, रफार कुठे हरवतो, हे पुढच्या भागात बघू.