मोठा कॅमेरा की खिशातला?

मुलांनो, सुट्टी जवळ आली की घराघरांत एक मागणी हमखास सुरू होते, "बाबा, मला कॅमेरा हवा!" मोबाइलवर फोटो निघतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण मोबाइल आईचा किंवा बाबांचा असतो. तो मागावा लागतो, फोटो काढता काढता कुणाचा तरी फोन येतो, आणि एकदा का तो हातात आला की फोटो राहतात बाजूला, खेळच सुरू होतो! म्हणून फोटोंचा खरा नाद असलेल्या मुलाला आपला स्वतःचा, नुसता फोटोच काढणारा कॅमेरा हवासा वाटला, तर त्यात नवल नाही.

मग समोर दोन वाटा येतात. एखाद्या मामाच्या किंवा आत्याच्या कपाटात पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला काळा, जाडजूड डीएसएलआर पडून असतो. "घेऊन जा, मी काही आता वापरत नाही," असं म्हणून ते तो देऊ करतात. दुसरीकडे एखाद्या दुकानात साबणाच्या वडीएवढा चकचकीत कॅमेरा दिसतो, खिशात सहज मावेल असा. चौकशी केली तर कळतं, की मोठा ६ मेगापिक्सेलचा आहे आणि छोटा चक्क २० मेगापिक्सेलचा! आता सांगा, कोणता घ्याल?

"अर्थात वीसवाला!" असं तुमच्यातले पुष्कळ जण म्हणतील. थांबा जरा. घाई करू नका. आपण दोन खरे कॅमेरे घेऊ आणि त्यांची परीक्षा करू. मोठा म्हणजे २००६ साली निघालेला निकॉनचा डी४०. छोटा म्हणजे २०१७ सालचा कॅननचा इक्सस १८५.

ठिपक्यांचा हिशेब

डिजिटल फोटो हा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो, अगदी अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. या ठिपक्याला म्हणतात पिक्सेल. असे दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल.

पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने बनवला. त्याचं वजन होतं सुमारे ३.६ किलो आणि ठिपके होते फक्त दहा हजार! एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. त्या मानाने आपले दोन्ही कॅमेरे म्हणजे कोट्यधीशच की!

आता पाटी-पेन्सिल घ्या. आल्बममध्ये लावतो तो नेहमीचा फोटो ६ इंच लांब आणि ४ इंच रुंद असतो. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके लागतात असं धरू. म्हणजे १८०० गुणिले १२००. उत्तर आलं २१ लाख ६० हजार. डी४०चा फोटो असतो ३००८ गुणिले २००० ठिपक्यांचा, म्हणजे ६० लाखांहून थोडा जास्त. आल्बमच्या फोटोला लागतात त्याच्या जवळजवळ तिप्पट! दहा इंच लांबीचा फोटोसुद्धा त्यातून झकास छापता येतो.

मग वीस मेगापिक्सेलचा काहीच उपयोग नाही का? आहे ना. मोठं पोस्टर छापायचं असेल, किंवा फोटोतला एखादाच कोपरा कापून घ्यायचा असेल, तर जास्त ठिपके कामी येतात. पण तुमच्या-माझ्या रोजच्या फोटोला सहा पुरतात. तेव्हा नुसत्या आकड्याला भुलायचं नाही.

परात आणि बाटलीची झाकणं

मग फोटो चांगला की वाईट हे ठरतं कशावर? मुख्य म्हणजे उजेडावर! कॅमेऱ्याच्या पोटात उजेड झेलणारी एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. डी४०चा सेन्सर २३.७ मिलिमीटर लांब आणि १५.६ मिलिमीटर रुंद आहे, साधारण पोस्टाच्या लहान तिकिटाएवढा. खिशातल्या बहुतेक साध्या कॅमेऱ्यांचा सेन्सर ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. क्षेत्रफळ काढून पाहा. एक सुमारे ३७० चौरस मिलिमीटर, तर दुसरा सुमारे २८! मोठा छोट्याच्या तेरापट.

यातून काय होतं ते समजायला पावसाळ्यातला एक प्रयोग सांगते. पाऊस सुरू झाला की अंगणात एक परात ठेवा आणि शेजारी बाटलीची झाकणं ठेवा. पाच मिनिटांनी पाहा. परातीत किती पाणी जमलं आणि एकेका झाकणात किती? मुसळधार पावसात झाकणंसुद्धा भरून वाहतील. पण पाऊस रिमझिम असेल, तर एखाद्या झाकणात चार थेंब पडतील आणि एखादं कोरडंच राहील.

उजेडाचंही तसंच आहे, बरं का! भर उन्हात लख्ख उजेडाचा पाऊस पडत असतो. तिथे छोटा कॅमेराही छान फोटो काढतो. मोठ्याचा कुठला आणि छोट्याचा कुठला, हे ओळखणंही कठीण. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये, संध्याकाळी देवघरात, लग्नाच्या मांडवात उजेड रिमझिम असतो. छोट्याच्या इवल्याशा सेन्सरवर दोन कोटी ठिपके दाटीवाटीने बसवलेले असतात. डी४०च्या एकेका ठिपक्याला त्याच्या चाळीसपटींहून जास्त जागा मिळते. म्हणून कमी उजेडात छोट्याच्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात, चेहरे पुसट होतात.

याचा अर्थ मोठ्याचा फोटो चाळीसपट चांगला येतो असा मात्र नाही. डी४० आता जुना झाला आहे. नंतरचे सेन्सर पुष्कळ सुधारले. २०१२ साली आलेल्या सोनीच्या आरएक्स१०० सारख्या काही छोट्या कॅमेऱ्यांत सेन्सरही बराच मोठा, १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा आहे. असे कॅमेरे महाग असतात. पण छोटा म्हणजे सगळे सारखेच, असं समजू नका. सेन्सरचं माप विचारा.

पोटातला आरसा

डीएसएलआर एवढा जाड का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याच्या पोटात एक आरसा तिरका बसवलेला असतो. भिंगातून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या उंचवट्यात वळतो आणि तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा झटकन वर उडतो, शटर उघडतं आणि उजेड सेन्सरवर पडतो. 'खटाक्' आवाज येतो तो याचाच!

याचा फायदा काय? तुम्हाला खरंखुरं दृश्य दिसतं, पडद्यावरचं चित्र नव्हे. भर उन्हात पडदा पांढरा पडतो, पण हे खिडकीतून पाहिल्यासारखं स्वच्छ दिसतं. कॅमेरा लगेच तयार होतो. खो-खोमध्ये खांब गाठायला झेपावलेला गडी नेमक्या क्षणी टिपायचा, तर हे फार उपयोगी. साध्या छोट्या कॅमेऱ्याला बरेचदा नेम धरायला वेळ लागतो, तोवर गडी पसार!

शिवाय मोठ्याची लेन्स बदलता येते. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ लेन्सऐवजी निकॉनची २००९ साली आलेली ३५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स लावली, तर तेच दृश्य टिपताना सुमारे सहापट उजेड आत येतो. गॅदरिंगचे फोटो मग फ्लॅशशिवाय निघतात.

पण गैरसोयीही ऐका. डी४०च्या पडद्यावर फोटो काढण्याआधी काहीच दिसत नाही. खिडकीला डोळा लावावाच लागतो. व्हिडिओ तर त्यात मुळीच नाही. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर निकॉनचाच डी९०, तो २००८ साली आला. तुम्हाला नाटुकली चित्रित करायची असतील, तर डी४० तुमच्या कामाचा नाही.

छोट्याची करामत

आता छोट्याची बाजू. डी४० बॅटरी आणि लेन्ससह पाऊण किलोच्या आसपास भरतो. इक्सस भरतो सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. राजगडाची चढण चढताना पाठीवर पाण्याची बाटली, डबा आणि वर हे धूड! अर्ध्या वाटेत ते दादाच्या पिशवीत जातं, आणि पुढच्या सहलीला घरीच राहतं. खिशातला कॅमेरा मात्र सरडा दिसला की लगेच हातात येतो.

ही अडचण आजची नाही. जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा डोंगरावर नेणं त्यांना झेपेना. म्हणून त्यांनी सिनेमाची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बनवला. १९२५ साली तो 'लायका' या नावाने बाजारात आला. असाच लायका घेऊन आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार भारतात आले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, ते गांधीजींना भेटले होते. पुढच्या दिवसांतली लोकांची शोकाकुल गर्दी त्यांनी त्या लहानशा कॅमेऱ्यातूनच टिपली. तेव्हा छोट्याला कमी लेखू नका.

छोट्याची आणखी एक गंमत. तो फुलाच्या, मुंगळ्याच्या अगदी जवळ, काही सेंटीमीटरवर जाऊन फोटो काढू शकतो. डी४०ची १८-५५ लेन्स २८ सेंटीमीटरच्या आत स्पष्ट पाहू शकत नाही. आणि लांबचा बगळा? इक्ससचा झूम आठपट आहे, १८-५५ लेन्सचा जेमतेम तीनपट. बगळा छोट्यातच मोठा दिसतो! मोठ्याला तिथे वेगळी, लांब पल्ल्याची लेन्स लागते, आणि ती विकत घ्यावी लागते.

जुना घेताना

जुना कॅमेरा घरातून मिळो की दुकानातून, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन एवढं तपासा.

लेन्समधून उजेडाकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. आपल्याकडे कोकणात, मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत ती फार लवकर धरते. अशी लेन्स घेऊ नका.

पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा. काळे डाग दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे. ती जाणकाराकडून साफ होते. घरी फडक्याने पुसायला जाऊ नका.

बॅटरी फुगलेली नाही ना? चार्जर आहे ना? तशी बॅटरी आज मिळते का, हे आधी विचारा. कार्डाचीही चौकशी करा. डी४०ला ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड चालतं, त्याहून मोठं नको.

डी४०साठी लेन्स घेताना तिच्यावर 'एएफ-एस' ही अक्षरं शोधा. या कॅमेऱ्यात नेम धरणारी मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. नाहीतर दर वेळी हाताने कडं फिरवत बसावं लागेल.

छोट्या कॅमेऱ्याची लेन्स चार-पाच वेळा उघड-मीट करून पाहा. चौपाटीची वाळू आत गेली असेल, तर ती कुरकुरते, अडकते.

आणि घरी आणल्यावर? घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा. अधूनमधून बाहेर काढून वापरा.

आठ दिवसांची वही

आता मुख्य प्रश्न, घ्यायचा कोणता? उत्तर मी सांगण्यापेक्षा तुम्हीच शोधा. पुठ्ठ्याच्या तुकड्याला मधोमध ६ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद अशी खिडकी कापा. आठ दिवस तो पुठ्ठा दप्तरात ठेवा. फोटो काढावासा वाटला, की त्या खिडकीतून पाहा आणि वहीत चार गोष्टी लिहा: कशाचा फोटो? उजेड किती? किती लांबून? आणि तेव्हा जड पिशवी बरोबर असती का?

आठ दिवसांनी वही वाचा. फुलं, किडे, सहल, रस्त्यावरच्या गमती, तेही दिवसा उजेडी, असं जास्त असेल, तर खिशातला घ्या. आजीचा समईच्या उजेडातला चेहरा, गॅदरिंग, मैदानावरचे खेळ असं जास्त असेल, आणि डोळा लावून, थांबून, चुकत शिकायची तयारी असेल, तर मामाचा जुना डीएसएलआर आनंदाने घ्या. वही कोरीच राहिली, तर? मग तूर्त मोबाइल पुरे!

एक मात्र लक्षात ठेवा. माणसाचा फोटो काढण्यापूर्वी त्याला विचारायचं. पक्ष्याच्या घरट्याजवळ फोटोसाठी कधीही जायचं नाही. घाबरून पक्षी घरटं सोडतो आणि पिल्लं उपाशी मरतात. आपला फोटो त्याहून मोठा नाही.

पालकांसाठी दोन शब्द

मूल "वीस मेगापिक्सेल" म्हणून हट्ट धरतं, तेव्हा दुकानात जाण्याआधी ती वही मागा. पैसे खर्च करण्याआधी नातेवाइकांची कपाटंही विचारून पाहा. आणि काढलेल्या फोटोंपैकी महिन्याला निदान चार छापून आल्बममध्ये लावा. कार्डं हरवतात, संगणक बिघडतात. आजी-आजोबांचा आज काढलेला साधासा फोटो आणखी वीस वर्षांनी तुमच्या मुलाला कोणत्याही कॅमेऱ्याने पुन्हा काढता येणार नाही. तेव्हा कॅमेरा लहान असो की मोठा, तो फोटो या रविवारीच काढायला सांगा.